टक्क्यांचं तळं

शनिवार-रविवारी पाण्याकाठी कुठंतरी जाऊन पडावं, एवढंच बायकोचं म्हणणं होतं. महाबळेश्वर नको, गोवा नको. एक तळं, काठावर एक खोली, आणि दोन दिवस मिक्सरचा आवाज नको. मी चटकन ‘हो’ म्हणून बसलो. आपण मराठवाड्यात राहतो हे तेव्हा डोक्यात नव्हतं.

म्हणजे आमच्याकडं पाणी साठवायला जागा नाहीत असं नाही. येलदरी आहे, सिद्धेश्वर आहे, माजलगाव आहे, मांजरा आहे. पण आम्ही तळं काठावर बसून बघत नाही, पेपरात बघतो. ‘जायकवाडी किती टक्के?’ हा प्रश्न टपरीवर, लग्नाच्या पंगतीत, अगदी दहाव्याला आलेली माणसंसुद्धा विचारतात. लातूरच्या मेहुण्यांना फोन करून तळ्याकाठच्या खोलीचा बेत सांगितला. २०१६च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेनं आलेलं पाणी प्यायलेला माणूस तो. म्हणाले, “आधी तळं दाखवा, मग काठ बघू.”

संभाजीनगरातून जवळ म्हणजे नाथसागरच, जायकवाडी धरणाचं तळं. पैठण पन्नासेक किलोमीटर. १९६५ मध्ये लालबहादूर शास्त्रींनी पायाभरणी केलेलं धरण, जवळजवळ दहा किलोमीटर लांबीची मातीची भिंत, २७ दरवाजे, आणि मागं आडवातिडवा पसरलेला फुगवटा. थंडीत रोहित पक्षी येतात. इतक्या मोठ्या पाण्याकाठी आपल्याला परवडेल अशी एक खोली मिळणार नाही का?

मिळते, पण परवडत नाही. एके ठिकाणी एका रात्रीचे साडेचार हजार सांगितले. त्यात हुरडा, बैलगाडीची फेरी आणि ‘गावरान फील’. ज्या फीलमध्ये माझी पहिली अठरा वर्षं गेली, त्याचे मी पैसे भरायचे? दुसरीकडं तलावाचा ‘व्ह्यू’ होता, पण गच्चीवरच्या टाकीवर चढल्यावर.

शेवटी गंगापूरच्या बाजूला एका शेतवस्तीचा पत्ता लागला. तिथले मालक, दादा, फोनवर म्हणाले, “वॉटर टच आहे साहेब.” भाडं दोन हजार. हे बोलणं नोव्हेंबरातलं. आम्ही पोचलो एप्रिलात.

पत्र्याची खोली, आतून थर्माकोल मारलेला, दाराशी लिंब, खिडकीला कूलर. कूलरमध्ये टँकरचं पाणी. तळं कुठं दिसेना. खोलीसमोर उतरती जमीन, तिच्यावर भेगा, त्याच्या पुढं हिरवा पट्टा, आणि त्याच्याही पुढं, उन्हात हलणारी एक चकचकीत रेघ.

“दादा, वॉटर टच?”

“पाणी काय दावणीला बांधलेलं हाय का साहेब? दिवाळीला ह्या लिंबाला टेकलेलं होतं. आता तिकडं जाऊ राहिलं.”

माणूस प्रामाणिक. भाडं आठशेच घेतलं. त्यांचा हिशोब साधा आहे: पाणी दारात तर दोन हजार, अर्ध्या किलोमीटरवर गेलं तर पंधराशे, त्याच्या पलीकडं गेलं की आठशे. सगळ्या पर्यटन धंद्यात इतकी सरळ दरपत्रिका मी पाहिलेली नाही. म्हणजे स्वस्तात तळं हवं असेल तर तळं लांब जायची वाट बघायची. आम्ही वाट बघणारेच लोक.

संध्याकाळी दोन प्लॅस्टिकच्या खुर्च्या डोक्यावर घेऊन आम्ही पाण्याकडं चालत निघालो. मधला हिरवा पट्टा गाळपेराचा होता. पाणी मागं हटलं की उघड्या पडलेल्या गाळात पीक घेतात, तसे टरबुजाचे वेल पसरलेले. एका बाईनं न विचारता एक टरबूज गुडघ्यावर आपटून फोडलं आणि अर्धं आमच्या हातात दिलं. सुरी नाही, ताट नाही. रस कोपरापर्यंत.

काठाच्या अलीकडं दगडांचा एक चौकोन होता. घराचं जोतं. शेजारी जात्याची खालची तळी, खुंट्याच्या भोकात गाळ वाळून बसलेला. दादा म्हणाले, “हे आमचं. आजा हितं राहायचा.” जास्त काही बोलले नाहीत. त्यांची आई मात्र पाणी फार उतरलं की येते, जोत्यावर घटकाभर बसते आणि सुनेला सांगते, इथं चूल होती, इथं रांजण. धरण भरलं की त्या चुलीवर पाणी चढतं, आणि आम्ही शहरातले लोक त्याच पाण्याचे दोन हजार द्यायला तयार असतो. बायकोनं आपली खुर्ची जोत्याच्या बाहेर सरकवली.

पेपरातले टक्के नुसत्या उपयुक्त साठ्याचे असतात. जायकवाडी ‘शून्यावर’ आलं तरी खाली २६ टीएमसी, म्हणजे २६ अब्ज घनफूट, पाणी शिल्लक असतं. मृत साठा म्हणतात त्याला. नाव ठेवणाऱ्यानं संध्याकाळी तिथं येऊन बसायला हवं होतं. त्या ‘मृत’ पाण्यात मासे उड्या मारत होते.

आता महिन्यातून एकदा जातो. खुर्च्या तिकडंच ठेवल्यात, दर खेपेला पाणी असेल तिथं मांडतो. जूनमध्ये त्या सगळ्यात लांब होत्या. जुलैत आमच्याकडं थेंब नव्हता, पण नाशकात धो-धो पडत होता, आणि आमचं तळं भरतं ते तिकडच्याच पावसानं. परवा दादांचा फोन आला, “साहेब, तुमच्या खुर्च्या वर आणून लिंबाखाली ठेवल्या. पाणी येऊ राहिलं.” मग जरा थांबून म्हणाले, “भाडं पुढच्या खेपेपासून पंधराशे.”