अवकाशजहाजावरचा सारंग

विज्ञानकथेतलं अवकाशजहाज साधं मालवाहू असलं, तरी लेखक त्यावर हमखास नौदल बसवतो. कमांडर, लेफ्टनंट, टाचा जुळवून ‘येस सर’. माल वाहणाऱ्या जहाजावर सलाम ठोकायला सवड कुणाला? तिथे हुद्दा म्हणजे पाळी, सही आणि पगार.

समुद्रावरचीच व्यवस्था बघा. वर कप्तान, कागदोपत्री ‘मास्टर’. खाली दोन चुली, म्हणजे दोन विभाग: डेक आणि इंजिन. चीफ इंजिनिअरच्या खांद्यावरही कप्तानाइतक्याच चार पट्ट्या असतात, त्यामुळे बसणारे टोमणे ओघानेच आले. ब्रिजवर, म्हणजे जहाज हाकायच्या जागी, ८ ते १२ थर्ड मेट (तिसरा अधिकारी), १२ ते ४ सेकंड, ४ ते ८ चीफ ऑफिसर. दिवसा तेच, रात्री तेच. चार तास काम, आठ तास मोकळे, तिघांत दिवस भरतो. एक जण आजारी पडला की उरलेल्या दोघांवर सहा-सहा तासांच्या पाळ्या येतात. मग झोप तुटते, आणि चुका झोप तुटल्यावरच होतात. ब्रिटिश आगबोटींवर आपल्याकडच्या खलाशांचा मुकादम सारंग, त्याच्या हाताखाली टिंडेल, म्हणजे तांडेल, चक्र धरणारा सुकाणी. सारंग आणि तांडेल ही आडनावं कोकणात अजून आहेत.

१९७९च्या ‘एलियन’ या चित्रपटातलं ‘नोस्ट्रोमो’ हे जहाज या कसोटीला बऱ्यापैकी उतरतं. मुळात ते टग, म्हणजे ओढजहाज आहे: २ कोटी टन खनिजाची रिफायनरी ओढतंय, माणसं फक्त सात. इंजिनातले दोघे पहिल्यापासून बोनसच्या वाट्यावरून कुरकुरतात. अगदी खरं वाटतं. नायिका रिप्लीचा ‘वॉरंट ऑफिसर’ हा हुद्दा मात्र नौदलातून उसना आणलेला. व्यापारी जहाजावर तो नसतो.

घोळ होतो तो ग्रहावर उतरल्यावर. कप्तान, त्याचा दुय्यम आणि नेव्हिगेटर असे तिघेही एकदम बाहेर पडतात. दुय्यमाला पाठवावं, कप्तानाने जहाज सोडू नये, हे कुठलाही बोसन, म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुकादम, सांगेल. परत येतात तेव्हा दुय्यमाच्या तोंडाला काहीतरी चिकटलेलं. आत ज्येष्ठ कोण? रिप्ली. चोवीस तास क्वारंटाइन, दार उघडणार नाही, असं ती सांगते. कप्तान बाहेरून हुकूम सोडतो, आणि दार उघडतो सायन्स ऑफिसर अ‍ॅश.

हा अ‍ॅश म्हणजे वेष पालटलेला सुपरकार्गो. सुपरकार्गो हा मालवाल्याचा माणूस: मालाबद्दल बोलायचं, जहाज चालवण्यात नाक खुपसायचं नाही, आणि तो कोण हे सगळ्यांना ठाऊक असतं. इथे कंपनीचा गुप्त हुकूम त्याच्याकडे, आणि विज्ञानाच्या बाबतीत शेवटचा शब्दही त्याचाच. कप्तानाच्या चार पट्ट्या तिथेच गळाल्या.

एक हुद्दा मात्र ‘नोस्ट्रोमो’वर कुणाकडेच नाही. खलाशांचा स्वयंपाक करणारा तो भंडारी. सात जण टेबलाभोवती जेवताना दिसतात. शिजवलं कुणी, याचा पत्ता नाही.