जीएसटी होतं, नोटरी होती, फर्मची नोंदणी नव्हती

फैजपूरकडचे दाजी आणि त्यांचा शालक, केळी वेफर्सच्या धंद्यात भागीदार. सुरतच्या व्यापाऱ्याकडे साडेचार लाखांची उधारी अडकली होती, म्हणून दोघं माझ्या वकिलीच्या ऑफिसात आले. बिलं होती, ट्रान्सपोर्टच्या बिल्ट्या होत्या, "पुढच्या आठवड्यात टाकतो" असे मेसेजही होते. सगळ्यात जुन्या बिलाला तीन वर्षं भरायला, म्हणजे दावा लावायची मुदत संपायला, महिनाभर उरला होता. अशा मेसेजने मुदत वाढते, असा युक्तिवाद करता येतो. पण पहिल्याच दिवशी त्याच्या भरवशावर राहायचं नसतं.

"फर्म रजिस्टर आहे ना?" म्हणून विचारलं, तर दाजींनी जीएसटीचं सर्टिफिकेट, पॅन, शॉप ॲक्ट आणि नोटरी केलेला भागीदारीलेख टेबलावर मांडला. यातलं एकही फर्मची नोंदणी नव्हे. ती भागीदारी अधिनियम, 1932च्या कलम 58खाली रजिस्ट्रार ऑफ फर्म्सकडे होते. कायदा नोंदणी नसलेल्या फर्मला धंदा करू देतो, म्हणून कुणाला गरज भासत नाही. कलम 69 आडवं येतं ते वसुलीच्या वेळी: नोंदणी नसेल तर फर्मला करारातल्या हक्कासाठी तिऱ्हाइतावर दावा लावता येत नाही. उलट व्यापारी मात्र फर्मवर दावा करू शकतो.

माल नोंदणीच्या आधी गेला असला तरी हरकत नाही. दावा दाखल होईल त्या दिवशी फर्म नोंदलेली हवी आणि दावा लावणाऱ्या भागीदारांची नावं रजिस्टरमध्ये हवीत. आधी दावा टाकू, नोंदणी मागून करू, हे चालत नाही. तो दावा मुळातच पडतो. इथे आणखी एक गाठ निघाली. शालकाच्या बायकोला तोंडी भागीदार केलं होतं, नफा वाटला जात होता, लेखात नाव नव्हतं. म्हणून आधी पुरवणी लेख केला, मगच नोंदणीचा अर्ज भरला.

मग मुदतीच्या उरलेल्या महिन्याचं काय? रक्कम तीन लाखांच्या वर आणि वाद व्यापारी, म्हणजे मनाई हुकुमासारखा तातडीचा अंतरिम दिलासा मागायचा नसेल तर वाणिज्य न्यायालय अधिनियमाच्या कलम 12अ प्रमाणे दाव्याआधी मध्यस्थी सक्तीची. एरवी पक्षकारांना हा फेरा वाटतो. पण मध्यस्थीत गेलेला काळ मुदतीत धरत नाहीत आणि मध्यस्थीचा अर्ज म्हणजे दावा नव्हे, म्हणून नोंदणीआधी तो देण्यात कलम 69 आडवं येत नाही. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज त्याच आठवड्यात दिला. तिकडे नोटीस फिरत होती, इकडे नोंदणी झाली. व्यापारी मध्यस्थीला फिरकलाच नाही. मध्यस्थी सुरूच झाली नाही असा अहवाल आणि रजिस्टरचा प्रमाणित उतारा जोडून दावा लावला.

फाइल चाळताना ट्रेडमार्कचा अर्जही दिसला, वर्ग 29मध्ये (केळी वेफर्ससारख्या मालाचा वर्ग), दाजींच्या एकट्याच्या नावावर. उद्या फाटलं तर शालकाच्या हाती नुसती कढई. तो हक्क लेखी करून फर्मकडे घेतला. पिशवीवरचं चित्र जळगावच्या छपाईवाल्याने काढलेलं, त्याच्याकडूनही हस्तांतरण लिहून घेतलं, आणि त्यात मुदत मुद्दाम घातली. मुदत लिहिली नाही तर कॉपीराइट कायद्याच्या कलम 19 प्रमाणे ते पाचच वर्षांचं धरतात.