स्वस्त पण कामाचे खेळाडू: एफपीएल वॉचलिस्टमधले नवे बदल

२०२५-२६ च्या फँटसी प्रीमियर लीगसाठी (एफपीएल, म्हणजे ठरलेल्या बजेटमध्ये इंग्लिश लीगच्या खऱ्या फुटबॉलपटूंचा संघ निवडून त्यांच्या कामगिरीवर गुण कमावण्याचा खेळ) चालवलेल्या वॉचलिस्ट शीटमध्ये, म्हणजे नजर ठेवायच्या खेळाडूंच्या यादीत, या टप्प्यात तीन बदल केले. ‘दर मिलियनमागे गुण’ हा कॉलम काढला, मिनिटांची अट कडक केली आणि डिफेन्सिव्ह कॉन्ट्रिब्युशनचा, म्हणजे बचावातल्या कामासाठी मिळणाऱ्या गुणांचा (डिफकॉन), स्वतंत्र कॉलम जोडला. प्रत्येक बदलामागचं कारण इथे नोंदवतोय, म्हणजे ज्यांना आपल्या शीटमध्ये हेच करायचंय त्यांना आकडे ताडून बघता येतील.

आधी काढलेला कॉलम. ६० मिनिटं खेळलं की कुणालाही २ गुण मिळतात, मग तो ४.५ मिलियन किमतीचा असो की १४.० चा. त्यामुळे गुणांना थेट किमतीने भागलं की स्वस्त खेळाडू आपोआप वर येतात. ४.५ चा डिफेंडर सामन्यामागे ३.६ गुण देत असेल तर भागाकार ०.८० येतो, ९.० चा मिडफिल्डर ५.४ देत असेल तर ०.६०. डिफेंडर सरस वाटतो. पण हजेरीचे २ गुण आधी वजा करा आणि मग भागा: डिफेंडर ०.३६, मिडफिल्डर ०.३८. क्रम उलटला. आता शीटमध्ये हेच सूत्र आहे. मैदानात जागा अकराच असतात आणि १०० मिलियनपैकी न वापरलेल्या पैशांना एकही गुण मिळत नाही. म्हणून निव्वळ स्वस्ताई हा निकष पुरत नाही.

मिनिटांची नवी अट: क्लबच्या मागच्या ६ सामन्यांपैकी किमान ५ मध्ये सुरुवातीपासून खेळलेला आणि त्या पाचही वेळा ६० मिनिटं ओलांडलेला. ५८ व्या मिनिटाला बाहेर येणारा डिफेंडर फार महागात पडतो, कारण हजेरीचा एकच गुण मिळतो आणि क्लीन शीटचे (गोल न खाल्ल्याचे) ४ हातचे जातात. उलट, गोल न खाता ६५ व्या मिनिटाला बाहेर आलेल्याची क्लीन शीट नंतर संघाने गोल खाल्ला तरी शाबूत राहते. म्हणून सरासरी मिनिटांवर भिस्त ठेवू नये, प्रत्येक सामन्याचा आकडा बघावा. ‘दर ९० मिनिटांमागे एक्सजी’ (मिळालेल्या संधींवरून अपेक्षित गोल) हा कॉलम ठेवलाय, पण ४५० मिनिटांखालच्यांसाठी तो रिकामा राहतो. थकलेल्या बचावासमोर शेवटची वीस मिनिटं खेळणाऱ्याचा हा आकडा फुगलेला असतो.

संघ बदलण्याची डेडलाइन गेमवीकच्या (सामन्यांच्या एका फेरीच्या) पहिल्या सामन्याच्या ९० मिनिटं आधी असते आणि अधिकृत संघ ७५ मिनिटं आधी जाहीर होतात. म्हणजे पहिल्या सामन्याचीसुद्धा खात्री मिळत नाही. आठवड्याच्या मध्ये युरोपात खेळणाऱ्या क्लबचा ५.० चा विंगर आणि फक्त लीग खेळणाऱ्या क्लबचा ५.० चा विंगर यांत दुसराच घ्यावा, पहिला कितीही चमकदार दिसला तरी, कारण त्याला लीगमध्ये विश्रांती दिली जाऊ शकते.

आता मुख्य मुद्दा, भूमिका बदललेला खेळाडू. सुरुवातीची किंमत हंगामाआधी ठरते. पुढे ती मॅनेजरांच्या, म्हणजे हा खेळ खेळणाऱ्यांच्या, खरेदी-विक्रीवर ०.१ ने वरखाली होते, गुणांवर थेट नाही. त्यामुळे भूमिका बदलली तरी किंमत मागे रेंगाळते आणि तेवढ्याच अवधीत खरी संधी असते. २०२३-२४ मधला कोल पामर आठवा: ५.० ला उपलब्ध, मँचेस्टर सिटीतून चेल्सीत आला आणि ऑक्टोबरमध्ये पेनल्टी त्याच्याकडे गेल्या. हंगामअखेर २२ लीग गोल, त्यांतले ९ पेनल्टीवर, आणि २४४ गुण. पुढच्या हंगामात त्याची किंमत १०.५ होती. दुसरा प्रकार चुकीच्या वर्गवारीचा. २०१९-२० मध्ये शेफील्ड युनायटेडचा जॉन लुंडस्ट्रम ४.० चा डिफेंडर म्हणून नोंदलेला होता आणि खेळायचा मिडफिल्डमध्ये. गोलला ५ ऐवजी ६ गुण, वर क्लीन शीटचे ४. पण जानेवारीत क्लबने मिडफिल्डर सांडर बर्गेला आणलं आणि लुंडस्ट्रमची जागा डळमळली. म्हणून ट्रान्सफर विंडोच्या काळात अशा खेळाडूंपुढे शीटमध्ये लाल खूण करतो: त्याच जागेवर नवा माणूस आला का?

डिफकॉनमुळे स्वस्त डिफेंडरांचं गणित पार बदललंय. क्लिअरन्स, ब्लॉक, इंटरसेप्शन आणि टॅकल मिळून १० झाले की डिफेंडरला २ गुण. मिडफिल्डर आणि फॉरवर्डला १२ लागतात, पण त्यांच्या मोजणीत रिकव्हरीही (सुटलेला चेंडू ताब्यात घेणं) धरतात. २० केले तरी गुण २च. इथे सरासरी साफ फसवते. समजा एकाचे पाच सामन्यांतले आकडे ९, ९, १०, ९, ९ आहेत आणि दुसऱ्याचे १४, ५, १३, ४, १०. सरासरी दोघांची ९.२, पण पहिल्याला २ गुण मिळतात, दुसऱ्याला ६. म्हणून कॉलममध्ये सरासरी नाही, ‘किती सामन्यांत उंबरठा गाठला’ हे लिहितो. जो निम्म्या सामन्यांत गाठतो त्याला ३८ सामन्यांत ३८ जादा गुण मिळतात, म्हणजे नऊहून जास्त क्लीन शीटइतके.

शोधायचं कुठे? चेंडू प्रतिस्पर्ध्याकडे जास्त राहतो अशा संघांचे सेंटर-बॅक. बोर्नमथचा मार्कोस सेनेसी ४.५ ला होता, तो या नियमाचा ठळक लाभार्थी. फुलबॅक या निकषात क्वचितच बसतात, कारण पेनल्टी बॉक्समधले क्रॉस परतवून लावण्याचं काम सेंटर-बॅकचं. अशा डिफेंडरसाठी अवघड फिक्स्चरसुद्धा (सामनासुद्धा) बेंचवर बसवायचं कारण ठरत नाही: क्लीन शीट गेली तरी काम वाढतं. मात्र खाल्लेल्या दर दोन गोलांमागे एक गुण वजा होतो, तेव्हा चार गोल खाल्ले की डिफकॉनचे २ तिथेच संपले.

किमतीबद्दल थोडक्यात. खेळाडू विकताना नफ्याचा अर्धाच भाग मिळतो, तोही ०.१ च्या पटीत खाली उतरवून: ५.० ला घेतलेला ५.१ झाला तर विकताना ५.०च, ५.२ झाला तर ५.१. घसरण मात्र पूर्ण सोसावी लागते. त्यामुळे ०.१ वाचवायला मंगळवारीच ट्रान्सफर करून शुक्रवारी दुखापतीची बातमी ऐकणं परवडत नाही. फ्री ट्रान्सफर (गुण न कापता करता येणारे खेळाडूंचे बदल) पाचपर्यंत साठवता येतात, तेव्हा पत्रकार परिषदा होईपर्यंत थांबावं. स्वस्त खेळाडूसाठी -४ ची हिट (जादा ट्रान्सफरसाठी कापले जाणारे ४ गुण) घेऊ नये. ती भरून काढायलाच त्याचे दोन-तीन आठवडे जातात.

पुढचं काम कॉर्नर आणि फ्री-किकच्या कॉलमचं आहे. प्रत्येक क्लबचा पहिला आणि दुसरा टेकर (किक घेणारा), दोन्ही नावं हवीत, कारण पहिला जायबंदी झाला की ५.० चा दुसरा अचानक असिस्टच्या रांगेत पुढे येतो. डावखुरा आणि उजवा टेकर वेगवेगळ्या बाजूंनी घेत असतील तर कॉर्नर अर्धेअर्धे मोजायचे.