गेलेल्या प्राण्याचा मान

कर्नाटकातल्या खानापूर तालुक्यातील जंगलालगतच्या एका मराठी शाळेत मी शिकवतो. राज्याची मानचिन्हे म्हणून हत्ती, नीलपंख, चंदन आणि कमळ अशी नावे फळ्यावर लिहून झाली, तेव्हा एका विद्यार्थ्याने विचारले, “सर, जो प्राणी आता उरलाच नाही, तो राज्यप्राणी होऊ शकतो का?”

पुढचा पाठ मी बाजूला ठेवला. कॅलिफोर्नियाने १९५३ साली ग्रिझली अस्वलाला राज्यप्राणी ठरवले, तेव्हा ते तिथून केव्हाच संपले होते. ऑस्ट्रेलियातील टास्मानिया राज्याची हकीकत मला त्याहून अस्वस्थ करते. मेंढ्या मारतो म्हणून तिथल्या सरकारने १८८८ ते १९०९ या काळात थायलसीन या पट्टेरी, पिशवीधारी प्राण्याच्या शिकारीसाठी दोन हजारांहून अधिक बक्षिसे दिली आणि १९१७ साली त्याच राज्याच्या मानचिन्हावर ढालीच्या दोन्ही बाजूंना थायलसीनच उभे केले. कायद्याचे संरक्षण मिळाले १९३६च्या जुलैमध्ये. सप्टेंबरमध्ये तिथल्या होबार्ट शहराच्या प्राणिसंग्रहालयात जगातला शेवटचा ज्ञात थायलसीन मेला.

मागच्या बाकावरची एक मुलगी उठली. दांडेलीच्या जंगलाकडून आलेल्या हत्तींनी तिच्या घरचे पीक तुडवले होते. “सर, त्यांची मेंढरं, तसं आमचं भात. हत्ती संपला, की त्याला मान द्यायला कुणाचीच हरकत राहणार नाही.”

इतक्या वर्षांच्या शिकवण्यात एवढे नेमके उत्तर मी ऐकलेले नाही. नामशेष प्राण्याला मानचिन्ह करण्यास माझा विरोध नाही. अमेरिकेतील साउथ कॅरोलिनाने २०१४ साली एका आठ वर्षांच्या मुलीच्या मागणीवरून मॅमथला, म्हणजे हत्तीच्या कुळातल्या नामशेष प्राण्याला, राज्य-जीवाश्म ठरवले. त्या भागात १७२५च्या सुमारास खणताना सापडलेले त्याचे दात हत्तीचे असल्याचे आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांनी ओळखले होते, आणि ती ओळख जपण्याजोगी आहे. मॅमथ मात्र कोणत्या सरकारच्या बक्षिसांमुळे संपला नव्हता. जिथे राज्यानेच मारण्याचे पैसे मोजले, तिथे चिन्हाशेजारी त्या बक्षिसांचाही उल्लेख असावा, असे मी वर्गाला सांगितले.

मुलांनी त्यापुढे जाऊन वर्गातल्या आमच्या मानचिन्हांच्या तक्त्याचा विचार केला. हत्तीच्या चित्राखाली, पिकाच्या नुकसानभरपाईसाठी वनखात्याकडे अर्ज कसा करायचा आणि सोबत कोणती कागदपत्रे जोडायची, हे लिहायचे ठरले. पहिला अर्ज त्या मुलीच्या वडिलांसाठी वर्गातच तयार झाला.