आमेनची भावकी

मिरजेत आमच्या शेजारी सिस्टर मावशी राहतात. मिशनच्या दवाखान्यात आयुष्यभर नर्सिंग केलं म्हणून अख्ख्या गल्लीच्या सिस्टर, आणि आईशी गट्टी म्हणून माझ्या मावशी. लहानपणी नाताळात त्यांच्याकडे फराळाला जायचं तर आधी प्रार्थना. मावशी डोळे मिटून सुरू व्हायच्या: घरच्यांसाठी, वॉर्डातल्या पेशंटांसाठी, रात्रपाळीच्या पोरींसाठी. माझा जीव ताटातल्या करंजीत. मला त्या सगळ्यातला एकच शब्द पाठ होता, शेवटचा. मावशी श्वास घ्यायला थांबल्या रे थांबल्या की मी ‘आमेन’ ठोकून द्यायची. त्या एक डोळा उघडून म्हणायच्या, “अगं, माझं व्हायचंय अजून!”

मला वाटायचं, हे आपल्या ‘मम’सारखंच असणार. सत्यनारायणाला भटजी सांगतात, “मम म्हणा,” आणि बाबा म्हणतात, “मम.” मधल्या संस्कृतातलं बाबांना ओ की ठो कळायचं नाही. कुणी न ऐकता मान डोलावली की आजी म्हणायची, “त्याचं काय विचारता, नुसतं मम!”

मोठेपणी कळलं की आमेन इतकं स्वस्त नाही. शब्द मूळचा हिब्रू. अ-म-न या तीन अक्षरांच्या धातूत भक्कमपणा आहे, भरवसा आहे. भार टाकला तरी हलणार नाही असं काहीतरी. बायबलाच्या ग्रीक भाषांतरकारांनी बऱ्याच ठिकाणी त्याचं ‘असं होवो’ केलं. आपणही तो ‘तथास्तु’ला नेऊन भिडवतो आणि मोकळे होतो. मला हे पटत नाही. तथास्तु देणाऱ्याच्या तोंडचं. देव म्हणतो, ऋषी म्हणतात, तिन्हीसांजेला वाकडं बोललं तर वास्तुपुरुषही म्हणतो. आमेन ऐकणाऱ्याचं. बोललं दुसऱ्याने, खाली सही माझी.

आणि सही दर वेळी गोड मजकुराखालीच होते असं नाही. बायबलातल्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकाच्या 27व्या अध्यायात बारा शाप आहेत. लेवींनी, म्हणजे देवाच्या सेवेला नेमलेल्या वंशातल्यांनी, एकेक शाप मोठ्याने उच्चारायचा आणि सगळ्या लोकांनी दर वेळी आमेन म्हणायचं. त्यातला एक आहे शेजाऱ्याच्या शेताची हद्द सरकवणाऱ्याला. म्हणजे सरळ आपल्या भाषेत, बांध कोरणाऱ्याला! आमच्या जिल्ह्यात हा शाप चावडीवर वाचायचं कुणी मनावर घेतलं, तर आमेन म्हणताना किती जणांना ठसका लागेल हे मला दिसतंच आहे. आमच्या भावकीपासून सुरुवात होईल.

भावकीवरून आठवलं. अरबीत हाच धातू आहे. आमच्या मिरजेत मीरासाहेबांच्या दर्ग्यात दुवा संपताना ‘आमीन’ ऐकू येतं, ते याच घरातलं. पण त्याखेरीजही या कुळातली माणसं मराठीत येऊन बसली आहेत, आणि आपण त्यांना पाहुणे समजतसुद्धा नाही. इमान, इमानदार, बेइमान. निवडणुकीत जप्त होते ती अनामत म्हणजे मूळची अमानत, आपल्या जिभेवर अक्षरं उलटीसुलटी झालेली. विश्वासाने दुसऱ्याकडे ठेवलेली वस्तू. दाराशी बसलेल्या कुत्र्याला इमानी म्हणणारा शेतकरी आमेनच्या सख्ख्या चुलतभावाला हाक मारत असतो.

बाकी, आमेन आणि ओम एकच, किंवा आमेन म्हणजे इजिप्तचा आमून देव, असले निरोप सकाळच्या सुप्रभातबरोबर मोबाईलवर येतात. नुसता आवाज जुळवायचा तर आमरसही फार लांब नाही. मी पुढे पाठवत नाही.

येशूने मात्र या शब्दाची जागाच बदलली. बोलून झाल्यावर नाही, बोलायच्या आधीच तो ‘आमेन’ म्हणतो. मराठी बायबलात तिथे ‘खचित’ येतं, त्यामुळे वाचताना पत्ता लागत नाही. खचित शब्द मला फार आवडतो. कुणी वापरत नाही आता.

ज्यू लोकांच्या तालमूद या धर्मग्रंथात आमेन कसं म्हणू नये तेही सांगितलंय: घाईने हिसकावलेलं नको, तुटकं नको, आणि अनाथ नको. अनाथ म्हणजे आशीर्वचन न ऐकताच म्हटलेलं, मायबाप नसलेलं आमेन. माझं करंजीवालं पहिल्या जातीतलं. तिथेच अलेक्झांड्रियाच्या सभास्थानाची, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनाघराची, गोष्ट येते. ते इतकं अवाढव्य होतं की मागच्यांना काही ऐकूच जायचं नाही. मग मधल्या लाकडी चौथऱ्यावर एक सेवक उभा राहायचा आणि आमेनची वेळ झाली की रुमाल हलवायचा.

मावशींना आता कमी ऐकू येतं. कानातलं मशीन टोचतं म्हणून ते ड्रॉवरमध्ये. गेल्या नाताळाच्या आधी त्यांच्या घरी प्रार्थना होती. पाळकसाहेब हळू आवाजात बोलणारे, मधे फ्रीजची घरघर. मावशी हात जोडून, एक डोळा किलकिला ठेवून माझ्याकडे बघत बसलेल्या. प्रार्थना संपली तशी मी मांडीवरचा रुमाल उचलून हलवला. सगळ्यांच्या मागून, एकट्या मावशींचं खणखणीत “आमेन” आलं.

मग त्या माझ्या कानाशी वाकल्या. “या वेळी पुरतं झालं होतं ना गं त्यांचं?”