४-के क्लबच्या लीडर्सचं ट्रेनिंग आणि तो एक शिक्का (माचाकोस, केनिया)

माझं ऐकाल तर केनियात शाळेच्या शिक्षकांना घेऊन कसलंही ट्रेनिंग करायचं असेल ना, तर पीपीटी-बीपीटी सगळं नंतर, आधी पत्र. मी राहुरीची बीएस्सी ॲग्री, नवऱ्याच्या नोकरीमुळे नैरोबीत आहे आणि एका छोट्या संस्थेबरोबर नैरोबीजवळच्या माचाकोसकडच्या खेड्यांत जाते. तिथे ४-के क्लब आहेत, म्हणजे शाळेतल्या पोरांचे शेती क्लब, अमेरिकेतल्या ४-एचच्या धर्तीवरचे. मधली बरीच वर्षं नुसते नावाला उरले होते, २०२१ मध्ये सरकारने परत सुरू केले. पोरं उत्साही असतात हो, पण क्लब चालवणारे लीडर्स, म्हणजे मोठी माणसं, शिक्षक, पालक, महिला गटातल्या बायका, त्यांना कुणीच काही शिकवलेलं नसतं. ते आम्ही करणार होतो.

पैसे, हॉल, ट्रेनर, सगळं पटापट झालं. अडलं ते एका ऑफिसात, नाव नाही घेत. मूळ दुखणं असं आहे की २०१० च्या राज्यघटनेने शेती खातं ४७ काउंटींकडे (आपल्या जिल्ह्यांसारख्या) दिलं, पण प्राथमिक-माध्यमिक शाळा केंद्र सरकारकडेच ठेवल्या. आणि आमचा क्लब शाळेत, विषय शेती! मग शिक्षणवाले म्हणतात हा शेतीचा विषय, तिकडे जा, आणि शेतीवाले म्हणतात शिक्षक आमच्या हाताखाली नाहीत, तिकडे जा. बरं कुणी खेकसत पण नाही की आपण भांडावं. आधी खुर्ची देतात, घरच्यांची ख्यालीखुशाली, इंडियात पाऊस कसाय, आणि मग शांतपणे सांगतात साहेब वर्कशॉपला गेलेत, उद्या या.

परवानगीचं पहिलं पत्र परत आलं कारण त्यावर 'मार्फत मुख्याध्यापक' अशी ओळ नव्हती. दुसरं दिलं ते ट्रेमध्ये कुठेतरी गायब. माझ्याकडे 'रिसीव्ड'चा शिक्का मारलेली कॉपी होती म्हणून वाचले, नाहीतर पत्र दिलंच नाही म्हणाले असते, तेव्हा दोन कॉपी न्यायच्या आणि आपल्या कॉपीवर शिक्का घेतल्याशिवाय टेबल सोडायचं नाही. मग एकदाची साहेबांची सही झाली, मी खूश, तर त्यांच्या सेक्रेटरी बाई म्हणतात शिक्का साहेबांच्या ड्रॉवरमध्ये आहे, ड्रॉवरला कुलूप आणि किल्ली साहेबांच्या खिशात, साहेब नैरोबीला. सही केलेला कागद समोर टेबलावर पडलाय आणि मी बाकावर बसून त्याच्याकडे बघतेय! बिनशिक्क्याचा कागद इथे कुणी हातात धरत नाही, आपल्याकडे तरी कुठे धरतात म्हणा.

आणि मला घाई का होती, तर ऑगस्टची सुट्टी संपत आली होती. शाळा उघडली की शिक्षक वर्गात अडकले. आणि या भागात ऑक्टोबर ते डिसेंबरचा पाऊस त्यातल्या त्यात भरवशाचा, मार्च-मेचा फार दगा देतो. म्हणजे ऑक्टोबरच्या आत वाफे तयार पाहिजेत आणि त्याच्या आत लीडर्स.

वाट शेवटी दाखवली त्या सेक्रेटरी बाईंनीच. म्हणाल्या, मॅडम तुम्ही परवानगी मागताच कशाला? काउंटीच्या शेती अधिकाऱ्याकडून मुख्याध्यापकांना निमंत्रण काढा, ट्रेनिंग त्यांचं, तुमची संस्था नुसती मदतीला, आणि आमच्या ऑफिसला खाली माहितीसाठी प्रत. सुट्टीत आहे, कुणाचा तास बुडत नाही, मग आम्ही कशाला अडवू. तसं केलं आणि त्याच दिवशी शिक्का! (शिक्का आता दुसऱ्या ड्रॉवरमध्ये होता.) मी मातातूत (इथली वडाप) बसले आणि नवऱ्याला फोन करून जवळजवळ ओरडलेच.

पालक आणि महिला गटाच्या बायकांना यातलं काहीच लागत नाही हे लक्षात ठेवा, निम्म्या जागा त्यांनीच भरा. शिवाय शिक्षकांची बदली होते, बायका गावातच राहतात.

ट्रेनिंग मस्त झालं. सुकुमा विकी (इथली रोजची पालेभाजी) लावायला पोत्यातली बाग केली, मधोमध तळ नसलेला डबा ठेवायचा, त्यात खडी भरायची, भोवती माती भरत डबा वर ओढत जायचा, म्हणजे मधे खडीचा खांब राहतो आणि पाणी खालपर्यंत पोचतं. तेरेरे म्हणजे आपला माठच की, तो पण लावला. मक्यावरची लष्करी अळी दाखवली, डोक्यावर उलटा वाय आणि शेपटीकडे चौकोनात चार ठिपके. केनियात ती २०१७ ला आली, आपल्याकडे २०१८ ला, त्यामुळे या एका विषयावर मी जाम आत्मविश्वासाने बोलत होते.

पण खरी खडाजंगी झाली शिक्षेवरून. बऱ्याच शाळांत उशिरा आलेल्या पोराला शाळेच्या शेतात खुरपायला पाठवतात. मी स्पष्ट म्हटलं, हे बंद करा, नाहीतर क्लबचं नाव काढलं की पोरं पळतील. एक सर चिडले, मग शिस्त कशी लावायची म्हणाले. त्यांच्या शेजारच्या आजी त्यांना कांबा भाषेत काहीतरी बोलल्या, सगळे हसले आणि सर गप्प. काय बोलल्या ते मला कुणी सांगितलं नाही.

दुसरं म्हणजे वही पोरानेच लिहायची. कधी पेरलं, किती पाणी, किती विकलं. मोठ्यांना मोह होतो सुंदर अक्षरात स्वतःच लिहायचा.

अजून एक राहिलंच, प्रवासखर्च रोख देऊ नका, एम-पेसाने, म्हणजे मोबाईलवरून, पाठवा. हजेरीच्या कागदावर फोन नंबर आणि त्या नंबरवर नोंदवलेलं नाव दोन्ही घ्या, बऱ्याच जणांचा नंबर मुलाच्या नाहीतर नवऱ्याच्या नावावर असतो आणि मग हिशोब जुळवताना डोकं फिरतं.

पुढचं ट्रेनिंग एप्रिलच्या सुट्टीत. शेती अधिकाऱ्यांकडे मी जानेवारीतच जाऊन बसणार आहे.