बेसवर आलेला ‘ए’

एरंडवण्यातील स्टुडिओत मागच्या पावसाळ्यात मी गिटार आणि डबल बेस (खर्ज स्वरांचे, उभे धरून वाजवायचे मोठे तंतुवाद्य) या दोनच वाद्यांच्या जॅझचे ध्वनिमुद्रण केले. त्यातील एका स्वराचा निर्णय अजून माझ्या मनातून जात नाही.

वादकांना वेगवेगळ्या बूथमध्ये बसवायचे, कानात क्लिक (लय दाखवणारी यांत्रिक टिकटिक) द्यायची आणि चुका नंतर दुरुस्त करायच्या, ही आजची सर्रास पद्धत अशा संगीताला मारक आहे. गिटारवादक जिम हॉल आणि बेसवादक रॉन कार्टर यांनी १९७२ मध्ये न्यूयॉर्कच्या क्लबात श्रोत्यांसमोर याच दोन वाद्यांचे मुद्रण केले होते. ड्रम्स नसताना लय एकमेकांच्या हातांतूनच घ्यावी लागते, म्हणून मीही दोघांना एकाच खोलीत, सुमारे २ मीटर अंतरावर समोरासमोर ठेवले. एवढ्या अंतरावरून गिटारच्या अँप्लिफायरचा आवाज बेसच्या माइकपर्यंत जवळजवळ ६ मिलिसेकंद उशिरा पोचतो आणि मूळ आवाजात मिसळून काही कंप्रता खाऊन टाकतो, त्यामुळे माइकच्या जागा ठरवण्यातच सकाळ गेली. त्यात आपल्याकडच्या विजेची गुणगुण ५० हर्ट्झची आणि बेसचा खालचा ‘जी’ हा स्वर ४९ हर्ट्झचा. फिल्टरने गुणगुण काढावी, तर स्वरही सोबत जातो. शेवटी गिटारवादकाची खुर्ची थोडी थोडी फिरवत, पिकअपमध्ये (गिटारच्या तारांचे कंपन टिपणाऱ्या भागात) गुणगुण सर्वांत कमी येईल अशी दिशा शोधली. दोनच वाद्ये म्हणजे झटपट काम, असे समजणाऱ्यांनी ही सकाळ पाहायला हवी होती.

दुपारच्या एका टेकमध्ये (सलग मुद्रणात) बेसवर ठरलेल्या ‘सी’ऐवजी ‘ए’ वाजला. गिटारवर तेव्हा सी, ई, जी, ए हे स्वर होते. खाली ‘सी’ असता तर ती सी सिक्स्थ ही कॉर्ड (स्वरसंगती) ठरली असती, ‘ए’ आल्याने तेच स्वर ए मायनर सेव्हन्थ ही वेगळी कॉर्ड झाले. गिटारवादकाने ते तत्क्षणी ओळखून पुढची सगळी जागा त्याच अंगाने वाजवली.

बेसवादक वयाने मोठे आणि शिस्तीचे. टेक ऐकून ते म्हणाले, “तेवढा स्वर पुन्हा वाजवतो, जोडून द्या.”

“दादा, तो काढलात तर पुढे मी वाजवलंय त्याला अर्थच उरणार नाही,” गिटारवादक म्हणाला.

बेसच्या माइकमध्ये गिटारही उतरली असल्याने जोड कानाला कळेल, असे मी सांगितले आणि ते खरेच होते. दादांनी होकार दिला; ‘ए’ राहिला. माझ्या मते त्या मुद्रणातील तीच सर्वांत जिवंत जागा आहे. परंतु अख्खा टेक नव्याने घेणे शक्य असताना दादांनी होकार दिला, तो ती जागा पटली म्हणून की माझ्या तांत्रिक कारणापुढे गप्प बसून, हे मला पुढच्या मुद्रणापूर्वी त्यांना विचारायचे आहे.